कट्ट्याखालचे दगड

सन्माननीय अध्यक्षमहाराज रावसाहेब तोरसेकर, आगबोटीचा त्रास सोसून मुंबईहून आलेले आपले पाहुणे डॉक्टर घारपुरे, शाळा कमिटीतले माझे सहकारी, गावातली वडीलधारी मंडळी, डाव्या हाताला बसलेल्या माताभगिनी, बंदरावरून आणि मोहल्ल्यातून आजचा धंदा बाजूला ठेवून आलेले पालक, विद्यार्थी, विद्यार्थिनी, आणि ज्यांच्या निरोपासाठी हा मांडव घातला ते, या क्षणी खाली सतरंजीवर पोरांच्या घोळक्यात बसलेले आमचे आप्पा शेवडे गुरुजी, आपणां सर्वांस माझा नमस्कार.

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'आभार आणि भेटवस्तूचे अनावरण' असे छापले आहे. कमिटीचा चिटणीस म्हणून हे काम माझ्याकडे आले. आभार मानायला मला आवडते, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. गेल्या वर्षी मी आभार मानताना मांडवातली निम्मी माणसे उठून गेली होती आणि त्यांचेही आभार मी मानले होते. हसा, हसून घ्या. पुढे मला हसवणे जमणार नाही.

अध्यक्षमहाराज आत्ताच आपल्या भाषणात म्हणाले की, आप्पा गुरुजींसाठी व्यासपीठावर मधली खुर्ची मांडली असताना ते तिच्यावर बसले नाहीत, मुलांत जाऊन बसले, हा केवढा विनय! आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझा हात थांबला नाही, याची मला आत्ता लाज वाटते आहे. रावसाहेब, आपण मोठ्या मनाने बोललात, पण आपल्याला खरी गोष्ट कोणी सांगितली नव्हती. आप्पा विनयामुळे खाली बसलेले नाहीत. या कट्ट्यावर पाय ठेवायला ते तयार नाहीत. का तयार नाहीत, ते सांगायला मी उभा आहे. भिकाजीपंत, माझा कोट ओढू नका. मी सांगणार आहे.

पाहुण्यांना आप्पांची ओळख नाही, म्हणून थोडे मागून सुरुवात करतो. आपल्या सरकारी अभ्यासक्रमात वस्तुपाठ नावाचा एक विषय आहे. म्हणजे मास्तरांनी मुलांपुढे एक वस्तू ठेवायची आणि तिच्यावरून ज्ञान द्यायचे. बहुतेक शाळांत ही वस्तू म्हणजे एक केळे असते. तास संपताना ते कोणाच्या पोटात जाते हे मी सांगत नाही. आप्पांनी केळे घेतले नाही. त्यांनी दगड घेतला. रत्नागिरीत दुसरे काय मुबलक आहे? आपल्याकडे आंबा दोन महिने आणि दगड बारा महिने. घरातून पाय बाहेर टाकला की कातळ, विहीर खणायला घेतली की कातळ. ज्या गोष्टीला आपण जन्मभर शिव्या देतो, तीच त्यांनी पोरांच्या हातात दिली.

त्यांचा पाठ मी खिडकीबाहेर उभा राहून एकदाच ऐकला. कोर्टात जाण्याची घाई होती, तरी थांबलो. आप्पा सांगत होते, "बाळांनो, फार फार पूर्वी पृथ्वीच्या पोटातला तापलेला रस भेगांतून वर आला. काकवी सांडावी तसा पसरला, थरावर थर बसले आणि थिजला. त्याचा झाला काळा पाषाण. त्या पाषाणावर लाखो वर्षे ऊन आणि पाऊस पडला. जे धुपून जाण्यासारखे होते ते धुपून समुद्राला गेले. लोखंडासारखे जे हट्टी होते ते मागे राहिले आणि तांबडे झाले. तो आपला जांभा." तेव्हा एका मुलीने विचारले, "गुरुजी, लोखंड तांबडं झालं म्हणजे गंजलं ना?" आप्पा म्हणाले, "बरोबर. आपण सगळे गंजावर घरे बांधून राहतो." पोरे इतकी हसली की मला कोर्टात उशीर झाल्याचे वाईट वाटले नाही.

दगड ओळखायची त्यांची रीतही साधी. आधी नखाने ओरखडा. उठला तर शंखजिऱ्यासारखा मऊ दगड. नखाने नाही, तर तांब्याच्या पैशाने. त्यानेही नाही, तर चाकूने. आणि दगडानेच उलट काचेवर रेघ ओढली, तर ती गारगोटी. लोणच्याच्या फुटक्या बरणीचे बूड त्यांनी जपून ठेवले होते, त्याच्या खरबरीत अंगावर दगड घासायचा आणि भुकटीचा रंग पाहायचा. वरून काळा दिसणारा एखादा दगड तिथे चक्क तांबडी रेघ ओढतो. आपण ज्याला काळा समुद्र म्हणतो त्या किनाऱ्याची वाळू आणून तिच्यातून लोहचुंबक फिरवायचा, की काळे कण मिशांसारखे त्याला चिकटतात. रत्नागिरीची एक वाळू काळी का आणि दुसरी पांढरी का, हे आमच्या शाळेतले आठ वर्षांचे पोर सांगते. मी बावन्न वर्षांचा आहे. मला आप्पांनी सांगितल्यावर कळले.

आता या गोष्टीचा गाभा. आप्पांनी शाळेत एक चाल पाडली होती. सुट्टी संपवून आलेल्या प्रत्येक मुलाने एक दगड आणायचा. आजोळाहून, घाटावरून, बापाच्या गलबतातून, जिथे गेला असेल तिथून. आणून सांगायचे की हा कुठे सापडला, कोणी दिला, ओला होता की कोरडा. मग त्याची परीक्षा व्हायची आणि तो हाऱ्यात, म्हणजे मोठ्या टोपलीत, जायचा. शाळेच्या मागच्या पडवीत असे मोठमोठे हारे भरून ठेवलेले होते. कोणाच्या दगडाच्या पोटात पांढरे स्फटिक, कोणाचा खाडीतला गुळगुळीत, कोणाचा अभ्रकासारखा पापुद्रे सुटणारा. तुळसाने आपल्या नव्या विहिरीच्या तळाचा आणला. मैमुनाच्या वडिलांनी, इद्रीस तांडेलांनी, मस्कतच्या किनाऱ्यावरून एक हिरवट दगड लेकीसाठी आणला. तो दाखवायला ती वर्गातून पडवीत इतक्या वेळा जायची की आप्पांनी तिला पडवीजवळची जागा देऊन टाकली.

हे सगळे मी आज आपल्याला सांगतो आहे, ते मला माहीत होते असे समजू नका. गेल्या दोन दिवसांत मी विचारून विचारून गोळा केले आहे. मला एवढेच माहीत होते की आमच्या शाळेत दगडांचा संग्रह आहे. आणि तेवढ्या माहितीवर मी किती बोललो! डेप्युटीसाहेब तपासणीला आले की मी म्हणायचो, "आमचा पाषाणसंग्रह जिल्ह्यात अद्वितीय आहे." वार्षिक अहवालात मी दरवर्षी 'अद्वितीय' लिहीत होतो. रावसाहेब, आपल्याला अध्यक्षपदाची विनंती करायला आलो, तेव्हाही मी तेच म्हणालो. एकदाही, सभ्य गृहस्थहो, एकदाही मी मागच्या पडवीत जाऊन तो पाहिला नव्हता.

माझ्या मनातला संग्रह वेगळाच होता. मुंबईच्या अजबखान्यात मी लहानपणी काही खडे पाहिले होते, जांभळे, हिरवे, लखलखीत. आप्पांकडेही तसेच काहीतरी असणार, असे मी धरून चाललो होतो. म्हणून निरोपाची भेट काय द्यावी, हा विचार निघाला तेव्हा मीच सुचवले की संग्रहासाठी काचेचे कपाट द्यावे. शिसवीचे कपाट मुंबईहून आगबोटीने मागवले. बंदरावर उतरवताना काच फुटली नाही म्हणून मी खलाशांना पेढे वाटले.

दुसरी सूचनाही माझीच. पाहुण्यांना दरवेळी पडावाच्या, म्हणजे होडीच्या, फळ्या मांडून त्यांवर का बसवायचे? शाळेपुढे एक कायमचा कट्टा बांधू आणि त्याला गुरुजींचे नाव देऊ. आप्पा दिवाळीच्या सुट्टीत लेकीकडे दापोलीला गेले होते, मुले घरी होती. मनात म्हटले, परत येतील तेव्हा थक्क होतील. केरू गवंड्याला बोलावले. त्याने चिऱ्यांची कड बांधली. आत भराव घालायची वेळ आली. आपल्याकडे जोत्यात काय घालतात हे मी इथे कोणाला सांगायला नको. पडके दगड, धोंडे, गोटे, जे हाताशी असेल ते. केरू मागच्या पडवीतून पुढे आला आणि म्हणाला, "वकीलसायब, मागं हारे भरून दगड हायत. ह्ये कोनाचे?"

मी गेलो. त्या दिवशी पहिल्यांदा गेलो. हारे पाहिले. मातकट, काळपट, कोणताही लखलखत नव्हता. मी एक हातात घेऊन पाहिला, टाकून दिला आणि म्हणालो, "मागल्या खोलीच्या बांधकामातले उरलेले दिसतात. घाल भरावात."

केरू म्हणाला, "सायब, चांगले धुवून ठेवलेले दिसतात." मी म्हणालो, "पावसाने धुतले असतील." पडवीत पाऊस कसा येईल, हे त्यालाही विचारवले नाही आणि मलाही सुचले नाही.

त्यांवर माती पडली, चोपणे फिरले, सारवण झाले. त्यावर ह्या खुर्च्या मांडल्या आहेत. अध्यक्षमहाराज, आपण ज्यावर बसला आहात, त्यात या शाळेच्या मुलांनी वर्षानुवर्षे आणलेला प्रत्येक दगड आहे. कृपा करून बसून राहा, अजून थोडे बोलायचे आहे. हो, मीही त्यावरच उभा आहे. पाय कसे आत ओढून घ्यावेत ते मला कळत नाही.

आप्पा परवा दापोलीहून आले. मी त्यांना हाताला धरून इथे आणले. "बघा," म्हटले, "तुमच्या नावाचा कट्टा. चढा, चढून बघा." त्यांनी वहाणा काढल्या, एक पाय उचलला आणि थांबले. तिथे, त्या कोपऱ्यात, सारवण पातळ झाले होते आणि एका दगडाचे पांढरे स्फटिक उघडे पडले होते. त्यांनी पाय खाली घेतला. मला विचारले, "वकीलसाहेब, भरावाला दगड कुठून आणलेत?" आणि मी, मंडळी, छाती पुढे काढून म्हणालो, "कुठून म्हणजे? इथलाच माल. मागच्या पडवीत पडून होता. एका गाडीचा खर्च वाचवला."

आप्पांनी कट्ट्याभोवती एक फेरी मारली. कडेच्या चिऱ्यांवर हात फिरवला. म्हणाले, "काम पक्के झाले आहे." आणि घरी गेले. त्यांना कट्टा पसंत पडला, असे मला वाटले. मी तसे आमच्या कमिटीतल्या भिकाजीपंतांना सांगितलेही.

रात्री जेवताना घरात सांगत होतो की पडवी कशी मोकळी करून घेतली. आमचे कुटुंब वाढता वाढता थांबले. "कसले दगड म्हणालात?" मी सांगितले. "हाऱ्यांतले? धुतलेले?" मी म्हटले, "तुला काय ठाऊक?" तेव्हा ती म्हणाली, "अहो, चैत्रातल्या हळदीकुंकवाला शाळेतल्या मुलींनी आम्हां बायकांना नेऊन एकेक दाखवले होते. त्या मस्कतच्या दगडाला हात लावू देण्याआधी मैमुनाने आमचे हात पुसायला लावले. तुम्ही अहवालात लिहिता तो संग्रह म्हणजे दुसरा कोणता होता?" ताटातला भात तसाच राहिला. ती तिकडे बसली आहे, माझ्याकडे बघत नाही. बरोबर करते.

आता इथपर्यंतची चूक अजाणतेपणाची होती, असे कोणी म्हणेल. अडाणीपणाची होती, असे मी म्हणतो. पण यापुढचे जे आहे, ते अजाणता झालेले नाही. काल संध्याकाळी कमिटी बसली. पाहुणे बोटीवर चढलेले, पत्रिका वाटलेल्या, कट्टा खणायला वेळ नाही. काय करायचे? एक विचार निघाला की गप्प बसावे, समारंभ पार पडू द्यावा. मग दुसरा निघाला की कपाट रिकामे कसे उघडायचे? आणि तिसरा निघाला की दगडांनाच काय तोटा? मिरजोळ्याच्या वाटेवरून, पऱ्ह्याच्या पात्रातून, समुद्रावरून टोपलीभर वेचून आणावेत, धुवावेत, थोडे तेलाचे बोट लावावे, म्हणजे चमकतील. भिकाजीपंत म्हणाले, "दगड तो दगड, उघडताना कोणाला कळणार आहे?" मी त्यांना दोष देत नाही. ते हे म्हणाले आणि मी मान डोलावली. माझ्याच गड्याने वेचायला माणसे नेली.

त्या रेशमी कापडाआड जे कपाट आहे, ते भरलेले आहे. त्यात एकही दगड कोणत्याही मुलाने आणलेला नाही. आणखी थोड्या वेळाने डॉक्टरसाहेबांच्या हस्ते दोरी ओढली जाणार होती, आपण टाळ्या वाजवणार होतो, आणि खाली बसलेल्या चाळीस-पन्नास पोरांच्या डोळ्यांदेखत आम्ही त्यांना सांगणार होतो की हे तुमचेच दगड. त्यांनी पाहताक्षणी ओळखले असते. पण बोलले असते का? वकील, डॉक्टर, रावसाहेब समोर असताना आपल्याकडे पोरे बोलत नाहीत. आणि आप्पाही बोलले नसते, कारण पाहुण्यांसमोर यजमानाची फजिती करणे त्यांच्या रक्तात नाही. आम्ही त्यांच्या सभ्यपणावर भिस्त ठेवून बसलो होतो. याहून लाजिरवाणे मी माझ्या सबंध वकिलीत केलेले नाही, आणि वकिलीत काय काय करावे लागते ते आपण जाणता.

सकाळी आप्पांना आणायला मीच गेलो. त्यांनी बसायला पाट दिला, पोहे दिले, लेकीच्या मुलाला दात येताहेत ते सांगितले. शेवटी मी म्हणालो, "आप्पा, मला माफ करा." त्यांनी विचारले, "कशाबद्दल?" मी म्हणालो, "तुमचे दगड मी मातीत घातले."

तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा रागावलेले पाहिले. आवाज चढला नाही, पण हातातली वाटी त्यांनी खाली ठेवली. म्हणाले, "माझे? वकीलसाहेब, माझा त्यात एकही नाही. मी पोरांना सांगून ठेवले होते की दगड तुझाच राहील, माझ्याकडे नुसता ठेवायला आहे. शाळा सोडताना मागशील तेव्हा परत मिळेल. आता ते मागतील. मी त्यांचा विश्वास घेतला होता आणि तुम्ही तो चोपून बसवलात. मी तुम्हाला माफ करणारा कोण?" मग उपरणे खांद्यावर टाकून म्हणाले, "चला, उशीर होतोय. मी येतो, पण पोरांत बसेन. पोरांच्या ठेवीवर पाय देऊन हार घालून घ्यायचे मला जमणार नाही."

इतके ऐकूनही मी इथे येऊन टाळ्या वाजवत होतो. पत्रिकेत माझे नाव शेवटी होते, आणि शेवटपर्यंत मला वाटत होते की निभावून जाईल. मग मी समोर पाहिले. आप्पांच्या शेजारी मैमुना बसली आहे. माझी नजर तिच्याकडे गेली, तर ती माझ्याकडे बघत नव्हती, त्या रेशमी कापडाकडे बघत होती. मान उंच करून, आपला दगड कोणत्या फळीवर ठेवला असेल ते पाहायला. बाळ, तिथे नाही तो.

तेव्हा आता आभार मानतो आणि खाली उतरतो. रावसाहेबांनी आपला अमूल्य वेळ दिला, त्यांचे आभार. डॉक्टरसाहेबांनी प्रवास केला, त्यांचे आभार. दोरी ओढायचे काम त्यांना आज करता येणार नाही, याबद्दल दिलगीर आहे. त्याऐवजी अंगातला कोट काढून मदतीला आले तर ऋणी होईन. केरू मांडवाच्या दाराशी उभा आहे, माझे बोलणे ऐकता ऐकता त्याने पहार आणून ठेवली आहे, त्याचे आभार. कमिटीच्या सभासदांचे आभार आज मानत नाही, त्यांनी आधी बाह्या वर कराव्यात. अध्यक्षमहाराज, आपणांस हात जोडून विनंती आहे, आपण खाली यावे. खुर्च्या उतरवू. मांडव मोडला नाही, अंधार पडायला अवकाश आहे, आणि माती अजून ओली आहे.

मांडवातली बसण्याची अडचण, वेळेवर न आलेला चहा, माझे लांबलेले बोलणे, असे जे काही उणे राहिले त्याबद्दल वडील मंडळींनी मला सांभाळून घ्यावे.

आणि मुलांनो, तुळसा, मैमुना, सगळ्यांनो, तुमच्यापुढे मी हात जोडतो. तुम्ही गुरुजींवर विश्वास ठेवून आणलेल्या वस्तू मी न पाहता, न विचारता, माझ्या मोठेपणाखाली गाडल्या आणि वर तुम्हालाच फसवायला निघालो. मला माफ करा असे म्हणतो आहे, पण आत्ता करू नका. आधी दगड वर येऊ देत. ज्याला आपला दगड सापडेल, त्याने हवी तर माफी द्यावी. ज्याचा सापडणार नाही, त्याने देऊ नये.